पुढच्या चाकांची गाडी

आमच्या ह्यांना सगळी गल्ली कानसेन म्हणते. गाण्यामुळं नाही हो, गाण्याचा आणि ह्यांचा छत्तीसचा आकडा. हे गाड्या ऐकतात. गिऱ्हाईक गल्लीच्या तोंडाशी वळलं की हे दुसऱ्याच गाडीच्या पोटाखालून मला ओरडून सांगणार, डावं पुढचं बेअरिंग गेलंय त्याचं, बस म्हणावं. तो बिचारा खाली उतरून, घाम पुसून, कुठूनतरी आवाज येतोय बघा मिस्त्री, असं सुरू करायच्या आत मी त्याला खुर्ची देऊन मोकळी. तीन मोठ्या वर्कशॉपांत फिरून, कॉम्प्युटर लावून थकलेले लोक आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये येऊन गप्प झालेले मी पाहिलेत.

मला ह्याचा अभिमान आहे आणि रागही आहे. जो माणूस गाडीचं इतकं ऐकतो त्यानं बायकोचं निदान निम्मं तरी ऐकावं की नाही? लग्नाला चौतीस वर्षं झाली. घरात मी दहा वेळा सांगितलेलं एक ऐकू जात नाही, आणि रस्त्यावरून जाणाऱ्या कुणाच्यातरी गाडीचा पट्टा सैल झालाय हे मात्र जेवता जेवता ऐकू येतं. माझं तोंड मुळातच फटकळ, त्यात असा नवरा.

आमचं गॅरेज म्हणजे घराच्या पुढचीच खोली आणि तिला जोडलेली शेड. दोन गाड्या कशाबशा मावतात. खाली उतरायला एक खड्डा आहे, जॅक आहेत, आणि लोखंडी घोडे आहेत. गाडी जॅकनं उचलायची, खाली घोडे सरकवायचे, आणि गाडी त्यांच्यावर टेकवायची. मोठ्या वर्कशॉपात गाडी अख्खी वर उचलणारं यंत्र असतं तसं आमच्याकडं नाही. भिंतीवर ह्यांनी प्रत्येक पान्ह्याची आकृती पांढऱ्या रंगानं काढून ठेवलीय, म्हणजे पान्हा वापरला की परत आपल्या जागी जातो. लग्न होऊन मी आले तेव्हा घरात माझ्या कपड्यांना कप्पा नव्हता, पण अकरा नंबरच्या पान्ह्याला हक्काची जागा होती.

ह्यांच्या धंद्यात मी कशी शिरले ते सांगते. बेअरिंगचा आवाज ऐकायची ह्यांची एक पद्धत आहे. पुढची चाकं उचलून घोड्यांवर घ्यायची, हे पाठीवर सरकत खाली जाणार, एक लांब सळई चाकाच्या आतल्या बाजूला टेकवणार आणि तिचं दुसरं टोक कानाला लावणार. मग वर कुणीतरी इंजिन चालू करून पहिला गिअर टाकायचा आणि हळूच क्लच सोडायचा. पुढची चाकं हवेत गरगर फिरतात, मागची जमिनीवर शांत उभी असतात, आणि ह्यांना सळईतून सगळं कळतं. तो कुणीतरी म्हणजे मी. इंजिनाच्या आवाजात माणसाचं बोलणं ऐकू येत नाही, म्हणून घोड्यावर सळईनं एकदा ठोकलं की क्लच सोडायचा, दोनदा ठोकलं की दाबायचा. चौतीस वर्षं मी लोकांच्या गाड्यांत डौलात बसतेय आणि एक इंचसुद्धा पुढं गेले नाहीये, असं मी पाहुण्यांना सांगते. पाहुणे हसतात.

आमच्याकडं येणाऱ्या सगळ्या गाड्या साध्या, पुढची चाकं ओढणाऱ्या, म्हणजे इंजिनाचा जोर पुढच्या दोन चाकांनाच. चारही चाकं ओढणाऱ्या गाड्या आमच्या शेडमध्ये कधी आल्याच नाहीत. त्यांचे मालक मोठ्या वर्कशॉपात जातात. पण ह्यांच्या मनात मात्र तीच गाडी. विशीत असताना हे डोंगराच्या एका कच्च्या वळणावर शर्यत बघायला उभे होते. दोन दारांची एक बुटकी गाडी खडी उडवत गेली. सगळ्या गाड्या त्या वळणावर घसरल्या, ही चारही पंजे रोवून निघून गेली असं हे सांगतात. उडालेला एक खडा ह्यांच्या नडगीला लागला, त्याची खूण अजून आहे. बाकीच्यांच्या नवऱ्यांच्या जुन्या मैत्रिणी असतात, आमच्या ह्यांची नडगी आहे. ती खूण हे मला लग्नानंतर तिसऱ्या दिवशी मोठ्या कौतुकानं दाखवत होते.

आता जे सांगायचंय ते मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. लेकीलासुद्धा नाही.

आठ महिन्यांपूर्वी हे एका गाडीचं तेल बदलत होते. जुनं तेल काढलं, फिल्टर बदलला, वरून नवं तेल ओतलं. ओततच राहिले. खालचं बूच बाकावरच राहिलं होतं. सगळं तेल जमिनीवर, माझ्या उंबऱ्यापर्यंत. हे हसले, म्हणाले, बाईसाहेबांना जुलाब झालेत. मीही हसले. मग लाकडाचा भुसा टाकून मी जमीन घासत होते, आणि घासता घासता माझ्या लक्षात आलं की ह्यांच्या चाळीस वर्षांच्या धंद्यात हे असं कधीही झालेलं नाही. कधीही म्हणजे कधीही. माझे हात थांबले. भीती अशी बसल्या जागी येते हे मला तोवर माहीत नव्हतं.

त्यानंतर मी बघायला लागले, आणि बघायला लागलं की दिसतंच. सतरा नंबरचा पान्हा चौदाच्या आकृतीवर लटकलेला दिसायचा. मी गुपचूप जागेवर लावायची. लेकीचा फोन आला का, असं एकाच जेवणात दोनदा विचारायचे. एकदा पार्टच्या दुकानात गेले ते दोन तासांनी रिकाम्या हातानं परत आले. रस्त्यात गर्दी होती म्हणाले. दुकान आहे मागच्या चौकात. मी म्हटलं, असेल गर्दी. एकदा डॉक्टरांकडं जाऊ या का असं चाचरत विचारून पाहिलं, तर म्हणाले, माझं इंजिन ठणठणीत आहे, तुझंच बॉनेट उघडून बघू का? मी गप्प बसले. खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं गप्प बसायला. डॉक्टरांनी नाव घेतलं असतं की मग ते खरं झालं असतं. झाकली मूठ म्हणतात ना, तशी मी ती मूठ घट्ट आवळून बसले होते.

आणि मला एक आधार होता. ह्यांचे हात. नावं विसरू देत, दिवस विसरू देत, पण गिअरबॉक्स समोर आला की हात कुणाची वाट बघत नाहीत. लेकीच्या लहानपणाची गोष्ट सांगता सांगता हे अख्खा गिअरबॉक्स उघडून पुन्हा बसवायचे, एक वॉशर इकडचा तिकडं व्हायचा नाही. मी बाजूला बसून बघायची आणि मनात म्हणायची, डोकं थकलं तरी हात शाबूत आहेत, आपलं भागेल.

अशात दाताच्या डॉक्टरांचा निरोप आला. त्यांच्या बायकोची छोटी गाडी आमच्याकडं असते. स्वतः डॉक्टरांना जुन्या गाड्यांचं वेड. त्यांच्याकडं ह्यांची ती नडगीवाली गाडी होती, तीही एक नाही, दोन. तीस वर्षांहून जुन्या, पण लाडात वाढवलेल्या. दिसायला जुळ्या. एक करडी, तिची पुढची दोन चाकं ओढतात. दुसरी निळी, तिची चारही. डॉक्टरांना दोन्ही सांभाळणं होईना. त्यांनी कळवलं होतं, एक मी ठेवतो, एक कानसेनांनी घ्यावी, कुठली ते त्यांनीच ठरवावं, दुसऱ्या कुणाला मी देणार नाही.

ठरवायचं काय होतं त्यात? हे आठ दिवस लहान पोरासारखे झाले. मीही म्हटलं, हौसेला मोल नाही, घ्या एकदाची. माझ्या मनात दुसराही हिशेब होता. आवडतं काम मिळालं, रोज त्या गाडीशी खुडबूड केली तर डोकंही ताळ्यावर राहील, असं मला वाटायचं. म्हणजे निळी आणायला मीच जास्त उतावीळ होते हे लक्षात ठेवा.

जायच्या दोन दिवस आधी जेवणाच्या टेबलावर ह्यांनी मला काडेपेटी घेऊन निळीचं तंत्र समजावलं. चारही टायर एकदम बदलावे लागतात, दोनच नवे घातले तर पुढच्या-मागच्या चाकांना जोडणारा मधला जोड जळतो. तेल जास्त पिते. अंगानं जड आहे. आणि मग काडेपेटीचं पुढचं टोक बोटानं वर उचलून म्हणाले, हिला आपल्या पद्धतीनं कधी ऐकायचं नाही हं. पुढची चाकं हवेत असली तरी मागची जमिनीवर असतात, आणि तीही ओढतात. क्लच सोडलास की घोड्यांवरून उडी मारून पुढं येईल. हँडब्रेकला नाही जुमानणार, चाकांना लावलेल्या ठोकळ्यांना नाही जुमानणार. "खालचा माणूस गेला," ते म्हणाले आणि काडेपेटी टेबलावर आपटली. मी म्हटलं, जेवताना हे असलं बोलू नका. पण मनात बरं वाटलं. सगळं कसं स्वच्छ सांगितलं होतं.

रविवारी सकाळी डॉक्टर स्वतः आम्हाला घ्यायला आले. ह्यांनी आपला जॅक, आपले घोडे, आपली सळई, सगळं बरोबर घेतलं. दुसऱ्याच्या घोड्यावर हे कधी गाडी टेकवत नाहीत. डॉक्टरांचं गॅरेज घरामागं, लांबट. जमीन इतकी स्वच्छ की मी चपला दाराशीच काढायला निघाले होते. दोन्ही गाड्या शेजारी उभ्या होत्या. हे आधी निळीपाशी गेले, तिच्या टपावर हात ठेवला आणि थोडा वेळ तसेच उभे राहिले. मग म्हणाले, आधी करडी बघून घेऊ, म्हणजे तुलना होईल.

करडी बघितली. पुढून उचलली, घोड्यांवर घेतली, मी आत बसले, दार उघडं ठेवलं. दार उघडं ठेवायची आमची पद्धत, त्यातून मला ह्यांचे पाय दिसतात. एक ठोका, मी क्लच सोडला, पुढची चाकं फिरायला लागली. ह्यांनी एक बाजू ऐकली, दुसरी ऐकली. दोन ठोके. बाहेर येऊन म्हणाले, लोण्यासारखी आहे. डॉक्टर खूश झाले आणि फोन आला म्हणून दाराशी जाऊन बोलत उभे राहिले.

मग निळी. ह्यांनी बॉनेट उघडलं, बराच वेळ आत बघितलं, तेलाची कांडी काढून वास घेतला. मला म्हणाले, बस आत. मी बसले. हिला रस्त्यावर फिरवून बघणार असंच मला वाटत होतं. तेवढ्यात गाडीचं नाक वर जायला लागलं. म्हटलं टायरच्या आतली कड बघत असतील, ते नेहमी बघतात. घोडे सरकवल्याचा आवाज आला. ह्यांचे पाय जमिनीवर पसरले, बुटांची टोकं वर झाली. खालून आवाज आला, चालू कर, पहिला टाक. मी चालू केली. मी क्लच दाबला आणि पहिला टाकला.

हो, टाकला. खोटं कशाला सांगू? चौतीस वर्षांची सवय काय एकट्या ह्यांच्याच हाताला आहे? माझाही हात, माझाही पाय. खालून म्हणतील ते करायचं, विचार करायचा नाही.

ठोका पडला. माझा पाय उठायला लागला. क्लच अर्धा इंच वर आला असेल. आणि माझी नजर सहज खिडकीबाहेर गेली तर बाजूला करडी उभी. करडी तिथं होती, म्हणजे मी निळीत होते.

पाय तिथंच थांबला. खाली दाबावा तर पायात जीव नाही, सोडावा तर माणूस जातो. मांडी थरथरायला लागली आणि ती थरथर त्या पेडलपर्यंत पोचत होती हे मला कळत होतं. ओरडून उपयोग नव्हता, इंजिनाच्या आवाजात खाली काय ऐकू जाणार? पुन्हा ठोका पडला, जरा जोरात. उघड्या दारातून ह्यांचे बूट दिसत होते, एकावर एक टाकलेले, आरामात झोपल्यासारखे. म्हणजे ह्यांना काहीही आठवत नव्हतं. दोन दिवसांपूर्वीची काडेपेटी नाही, खालचा माणूस नाही, काही नाही.

मी दोन्ही हातांनी गुडघा खाली दाबला. अक्षरशः हातांनी. क्लच तळाला गेल्यावर एक हात सोडला आणि किल्ली फिरवली. इंजिन बंद पडलं. मग किल्ली काढून मुठीत धरली आणि मूठ पोटाशी. एवढं झाल्यावरही पाय काढायचं धाडस होईना.

माझा आधार होता ना तो, ह्यांचे हात? डोकं विसरेल पण हात विसरणार नाहीत, असं म्हणत होते ना मी? हात विसरत नाहीत तीच तर भीती होती. डोकं म्हणणार ही निळी आहे, थांब, आणि ज्या दिवशी डोकं बोलणार नाही त्या दिवशी हात आपलं नेहमीचं काम चोख करणार. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही हे मी ह्यांना चिडवायला शंभरदा म्हटलं असेल. त्या गाडीत बसून ते आठवलं आणि अंगावर काटा आला.

हे बाहेर आले. कपाळाला आठ्या. बंद का केलीस म्हणाले. तोवर डॉक्टरही फोन ठेवून आत आले होते. आता ह्यांच्या चाळीस वर्षांच्या कानाची इज्जत माझ्या हातात होती. अहो, ही निळी आहे, एवढे चार शब्द बोलले असते तर डॉक्टरांना सगळं कळलं असतं, आणि आठ दिवसांत गल्लीला. मी म्हटलं, क्लच फार जड आहे, माझा पाय भरून आला.

ते म्हणाले, मग काय झालं, जरा दम खा आणि पुन्हा बस. मी म्हटलं, मी बसणार नाही. त्यांनी किल्ली मागितली. मी दिली नाही. आणि मग मी तोंड सोडलं. मला ही गाडी नको. चार टायर एकदम बदलायचे, एक पंक्चर झाला की चौघांची वरात. तेल पिते, अंगानं जड, मधला जोड जळला तर पार्ट कुठून आणणार? शेड तेवढीच, खड्डा तेवढाच. पुढच्या चाकांची गाडी आपण डोळे मिटून दुरुस्त करतो, मग हे नाकापेक्षा मोती जड कशाला? सगळी ह्यांचीच वाक्यं, मी ह्यांच्यावरच फेकत होते. बोलताना माझा आवाज चिरकत होता आणि ते मला ऐकू येत होतं.

डॉक्टर गोंधळले. म्हणाले, वहिनी, लोक तर हीच मागतात, करडीला कुणी विचारत नाही. ह्यांचा चेहरा लाल झाला. चौतीस वर्षांत ह्यांनी मला चारचौघांत कधी शब्दानं दुखावलं नव्हतं. त्या दिवशी म्हणाले, "आयुष्यात एक गोष्ट मागितली मी. एक. तीही तुला बघवत नाही."

मी ऐकून घेतलं. रडू आलं पण रडले नाही, कारण रडले असते तर किल्ली दिली असती. मनात एकच चाललं होतं, आज नाही म्हणून उद्या ही गाडी शेडमध्ये येईल, मी भाजी आणायला गेलेली असेन, आणि हे शेजारच्या कुणालातरी हाक मारून म्हणतील, जरा बस आत, पहिला टाक. त्या शेजाऱ्याला काय माहीत असणार?

ह्यांनी माझ्याकडं पाठ फिरवली आणि सामान आवरायला खाली बसले. सळई उचलली. ती घोड्याला टेकून उभी होती. सळई हातात घेतली आणि ह्यांची नजर घोड्यावर गेली. मग दुसऱ्या घोड्यावर. मग हे तसेच बसल्या बसल्या, मान वळवून, मागच्या चाकाकडं बघत राहिले. चाक जमिनीवर होतं. बराच वेळ बघत होते. मानेमागचा लाल रंग उतरत गेलेला मला दिसला. हातातली सळई हळू जमिनीवर ठेवली, आवाज होऊ नये अशी.

उठले ते गुडघ्यावर हात टेकून. माझ्याकडं बघितलं नाही. डॉक्टरांना म्हणाले, करडी घेतो. डॉक्टर म्हणाले, कानसेन, निळीत काही ऐकलंत का, खरं सांगा. हे म्हणाले, "नाही डॉक्टर. गाडी उत्तम आहे. मला झेपणार नाही." वय झालं आता, क्लच जड आहे, असं काहीतरी पुढं पुटपुटले. निळी खाली उतरवली, घोडे पिशवीत भरले. निघताना निळीकडं वळूनही बघितलं नाही.

कागदांचं पुढच्या आठवड्यात बघू म्हणून डॉक्टरांनी करडी तेव्हाच सोबत दिली. हे चालवत होते, मी शेजारी. मला वाटलं होतं सुटल्यासारखं होईल. नाही झालं. प्रत्येक वळणाला माझं लक्ष ह्यांच्या हातांकडं. हात चोख होते, आरसा, गिअर, सगळं वेळेवर, आणि मला त्या चोखपणाचीच धास्ती वाटायला लागली होती.

पेट्रोलपंपाच्या अलीकडं, हवा भरायची जागा आहे तिथं, ह्यांनी गाडी बाजूला घेतली. मला वाटलं टायर बघायचे असतील. इंजिन चालूच ठेवलं, हात स्टेअरिंगवर, नजर समोर.

"क्लच जड नव्हता," ते म्हणाले.

मी काच खाली केली.

"सोडला असतास तर?"

"सोडला नाही ना," मी म्हटलं. "संपलं. तो विषय काढायचा नाही."

मागून एक ट्रक हॉर्न वाजवत गेला. मग त्यांनी विचारलं, "तुला कधीपासून कळलंय?"

आता मूठ कशाला आवळायची? "तेल सांडलं त्या दिवसापासून."

त्यांनी मान हलवली. "मला त्याच्या आधीपासून."

म्हणजे मी भुसा टाकत होते तेव्हा ह्यांना माहीत होतं. मी पान्हे जागेवर लावत होते ते ह्यांना दिसत होतं. गर्दी होती म्हणाले आणि मी असेल म्हटलं, तेव्हा दोघंही एकमेकांना फसवत होतो, एकाच घरात, एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसून. आठ महिने मी एकटी घाबरत होते असं मला वाटत होतं. हा माणूस माझ्या आधीपासून घाबरत होता, आणि वरून विनोद करत होता. मला त्यांचा इतका राग आला आणि इतकी कीव आली की दोन्हीतलं आधी काय बोलावं ते कळेना.

"मग मला सांगितलं का नाहीत?" मी विचारलं.

"रोज ठरवायचो, आज हिला सांगायचं," ते म्हणाले. "मग विसरून जायचो."

मला हसू फुटलं. इतक्या वेळाचं सगळं आत कोंडलेलं एकदम बाहेर आलं, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत मी हसले, त्यांच्या दंडावर एक चापट मारली, म्हटलं, तुम्ही म्हणजे ना. आणि त्यांच्याकडं बघितलं, तर ते हसत नव्हते.